आरसीटी झालेली दाढ : कॅप घालायची की फायबरचं कॉम्पोझिट भरायचं?

गोदातीर

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या दाढेचा आहे, पण सुरुवात आईच्या दातापासून करावी लागेल.

आईचं वय ६७. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजवीकडच्या वरच्या उपदाढेचं रूट कॅनॉल, म्हणजे आरसीटी झालं. नस काढली, ठणका थांबला. डॉक्टरांनी वर पांढरं तात्पुरतं सिमेंट लावलं आणि पंधरा दिवसांनी कॅपसाठी या म्हणाले. मग घरात लग्न निघालं, पुढे दिवाळी आली. दुखत नव्हतं म्हणून तिनेही विषय काढला नाही आणि मलाही आठवण राहिली नाही. संक्रांतीला तिळाचा कडक झालेला लाडू चावताना कट्ट आवाज आला. दात मधोमध उभा चिरला होता, अगदी खाली मुळापर्यंत. काढावाच लागला. एवढे पैसे घालून, एवढ्या खेपा घालून वाचवलेला दात चार महिन्यांत गेला याची मला आजही हळहळ वाटते. त्या चार महिन्यांत मी तिला एकदा रिक्षात बसवून नेलं असतं तर तो राहिला असता.

आता गेल्या आठवड्यात माझ्या खालच्या डाव्या पहिल्या मोठ्या दाढेचं आरसीटी झालं. कीड पुढच्या बाजूने, दोन दातांच्या फटीतून आत गेली होती. मागची बाजू शाबूत आहे. नवीन डॉक्टर म्हणतात, "लगेच कॅपसाठी दाढ चारी बाजूंनी घासायला नको. आत फायबर असलेलं कॉम्पोझिट भरू, वरचे उंचवटे थोडे उतरवून तेही कॉम्पोझिटने झाकू." (कॉम्पोझिट म्हणजे दाताच्या रंगाचं, लाईटने घट्ट होणारं सिमेंट.) घरातले सगळे म्हणतात आरसीटीनंतर कॅप हवीच. आईचा अनुभव डोळ्यांसमोर असल्यामुळे मला भीती वाटते. नुसत्या भरलेल्या सिमेंटने दाढेला खरंच बळ येतं का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

वाटसरू

माझ्या खालच्या दाढेत आरसीटीनंतर चांदी भरलेली आहे. १४ वर्षं झाली, अजून उभी आहे. कॅप नाही. पण माझं भोक फक्त वरच्या बाजूने होतं, कडा शाबूत होत्या. एवढाच अनुभव.

अबोली_ठाणे

मला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नस काढली की दाताला रक्त मिळत नाही, तो वाळक्या लाकडासारखा ठिसूळ होतो, म्हणून कॅप लागतेच. मी तिन्ही दाढांना घातल्या. गोदातीर, धोका पत्करू नकोस गं.

दंतमित्र

मी दंतवैद्य आहे, कोल्हापूरला १९ वर्षं प्रॅक्टिस करतो. गोदातीर, आईंच्या दाताचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे अशा दाढा महिन्यातून एक-दोन तरी येतात, आणि "पुढच्या आठवड्यात जाऊ" हेच कारण बहुतेक वेळा असतं. वरची उपदाढ तर सगळ्यात नाजूक. तिला दोनच उंच टोकं असतात, मध्ये खोल घळ आणि खाली मुळाची कंबर बारीक. चावताना घास त्या घळीत पाचरीसारखा बसतो.

आता अबोलीताईंच्या वाळक्या लाकडाबद्दल. ही समजूत फार जुनी आहे आणि आम्हालाही कॉलेजात तशीच सांगितली जायची. १९७२ साली हेल्फर आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या दातांवर केलेल्या कामात नस काढलेल्या दातांत ओलावा सुमारे ९ टक्के कमी आढळला, तिथून तिला आधार मिळाला. पण १९९२ साली सेजली आणि मेसर यांनी माणसांच्या २३ जोड्या तपासल्या. एकाच माणसाचा आरसीटी झालेला दात आणि त्याच्याच तोंडातला दुसऱ्या बाजूचा तसाच जिवंत दात, अशी जोडी. ताकदीत फारसा फरक मिळाला नाही. म्हणजे दात वाळून ठिसूळ होत नाही. मग का तुटतो?

तुटतो कारण आतलं लाकूडच आपण काढून टाकलेलं असतं. जुन्या वाड्याची खोली डोळ्यांसमोर आणा. समोरासमोरच्या दोन भिंतींना वर तुळई बांधून ठेवते. तुळई काढली की भिंती तशाच दिसतात, पण वरून भार आला की बाहेर कलायला लागतात. दाढेला पुढे आणि मागे असे दोन कडेचे बांध असतात, दोन दातांच्या फटीला लागून. तेच तिच्या तुळया. १९८९ साली रीह, मेसर आणि डग्लस यांनी काढलेल्या वरच्या उपदाढांवर मोजमाप केलं. नुसत्या रूट कॅनॉलच्या भोकाने दाताचा ताठपणा ५ टक्के कमी झाला. वरच्या बाजूच्या भोकाने २० टक्के. पण पुढचा आणि मागचा असे दोन्ही बांध गेले तेव्हा ६३ टक्के. वाटसरू, तुमची दाढ १४ वर्षं का टिकली त्याचं उत्तर या आकड्यांत आहे. दोन्ही तुळया जागेवर होत्या.

आणखी एक कारण आहे, ते रुग्णांना कोणी सांगत नाही. खडा चावला गेला की जिवंत दात लगेच ओरडतो आणि जबडा उघडतो. १९८६ साली रँडो आणि ग्लांट्झ यांनी दाखवलं की नस काढलेल्या दाताला दुखेपर्यंत जिवंत दाताच्या दुपटीच्या आसपास भार द्यावा लागतो. म्हणजे तो दात वेळेवर बोलत नाही. आईंचा "दुखत नव्हतं" हा अनुभव त्यातलाच.

म्हणून गोदातीर, डॉक्टरांना पहिला प्रश्न कॅप की कॉम्पोझिट हा विचारू नका. "माझ्या दाढेचं माझं स्वतःचं किती उरलंय?" हे विचारा. भिंती किती जाड आहेत, बांध किती आहेत, कुठे चीर दिसते का. बाकी सगळं त्यावरून ठरतं.

अबोली_ठाणे

डॉक्टर, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. मग माझ्या तीन कॅपांपैकी एक तरी नाहक झाली का? त्या दाढेला वरूनच छोटं भोक होतं.

दंतमित्र

ताई, दाढ न बघता ते सांगणं बरोबर नाही. कॅप नीट बसलेली असेल, हिरडीशी कडा स्वच्छ असेल तर ती चांगलं काम करते आहे. मनाला लावून घेऊ नका. कडेला ब्रश नीट फिरवत राहा.

राळ_आणि_काच

मी पुण्यात एमडीएस (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) करून सहा वर्षं हेच काम करते, म्हणजे दात भरणं आणि रूट कॅनॉल. दंतमित्र सरांच्या तुळईच्या उदाहरणापासून पुढे लिहिते, कारण कॉम्पोझिटचं मर्म तिथेच आहे.

चांदी दाताला चिकटत नाही. खाचेत अडकून बसते, जागा भरते, पण भिंतींना धरत नाही. कॉम्पोझिट चिकटतं. १९५५ साली अमेरिकेत मायकल बुनोकोर यांनी दाताच्या वरच्या कवचावर फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद लावून पाहिलं. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत आधी आम्ल लावतात, ती कल्पना त्यांनी दातावर आणली. कवचावर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात आणि राळ त्यांत घुसून घट्ट बसते. १९६२ साली राफाएल बोवेन यांनी बिस-जीएमए नावाच्या राळेचं पेटंट घेतलं. आज आपण जे लाईटवालं सिमेंट म्हणतो त्याची बहुतेक कुळं तिथूनच निघतात. राळेत काचेची भुकटी मिसळलेली असते. माझं नाव त्यावरूनच घेतलं आहे.

कवचाच्या आतल्या थराला, म्हणजे डेन्टिनला चिकटणं मात्र अवघड. तो ओला असतो, त्यात कोलॅजनचे धागे असतात. १९८२ साली जपानमध्ये नाकाबायाशी यांनी दाखवलं की राळ त्या धाग्यांच्या जाळ्यात झिरपते आणि तिथेच घट्ट होते, म्हणजे दात आणि राळ मिळून एक नवाच थर होतो. हा थर नीट जमला तर कॉम्पोझिट समोरासमोरच्या भिंतींना आतून धरून ठेवतं. गेलेल्या तुळईची जागा काही प्रमाणात भरून निघते.

"काही प्रमाणात" हे मुद्दाम लिहिलं. कवचाशी झालेला जोड वर्षानुवर्षं टिकतो, पण डेन्टिनचा जोड पाण्याने आणि दातातल्याच विकरांमुळे हळूहळू सैल होतो. म्हणून भिंती पातळ असतील तर नुसतं आत चिकटवून भागत नाही. उंचवटे उतरवून त्यांच्यावरून कॉम्पोझिट न्यायचं, म्हणजे चावताना भार वरून खाली जातो, भिंती बाजूला ढकलल्या जात नाहीत. गोदातीर, तुझे डॉक्टर हेच म्हणत आहेत. चावण्याचा मुख्य भार घेणारी भिंत साधारण अडीच-तीन मिलिमीटरहून पातळ आणि दुसरी दोनहून पातळ असेल तर मी ती झाकतेच.

गोदातीर

दोघांचेही मनापासून आभार. आईलाही वाचून दाखवलं. तिने तुळईचं लगेच ओळखलं, आमचा पंचवटीतला जुना वाडा तसाच होता. पण हे फायबर म्हणजे नक्की काय? आत तार घालतात का?

राळ_आणि_काच

तार नाही. त्याचे दोन प्रकार जास्त वापरात आहेत.

पहिल्यात काचेचे अगदी आखूड धागे कॉम्पोझिटमध्येच मिसळलेले असतात. जपानच्या जीसी कंपनीचं एव्हरएक्स पोस्टेरिअर २०१३ साली आलं, पुढे त्याचं पातळ रूप एव्हरएक्स फ्लो आलं. भिंतीला लिंपायच्या मातीत आपल्याकडे भुस्सा, गवत घालतात ना, ते काम हे धागे करतात. चीर सुरू झाली तरी धाग्याशी अडते, वळते, थबकते. साध्या कॉम्पोझिटमधून ती सरळ खाली मुळापर्यंत जाऊ शकते. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी की धागे घातलेली दाढ तुटली तरी बहुतेकदा हिरडीच्या वर तुटते, म्हणजे परत दुरुस्त करता येते. माझ्या लेखी हे दाढ किती भार पेलते याहून मोठं आहे. गोदातीरच्या आईचा दात वर तुटला असता तर आज तोंडात असता.

हे धागेवालं साहित्य तसंच उघडं ठेवायचं नसतं. ते आत, डेन्टिनच्या जागी बसतं. त्यावर एक-दोन मिलिमीटर साध्या कॉम्पोझिटचा थर लागतो, नाहीतर झिजून धागे वर येतात, पृष्ठभाग खरबरीत होतो.

दुसरा प्रकार विणलेल्या पट्टीचा. पॉलिएथिलीनची पातळ फीत, रिबॉण्ड नावाने मिळते. ती राळेत भिजवून भिंतींच्या आतून लावतात. हाताला सवय लागते, वेळ जातो. मी फार वेळा वापरत नाही.

सह्याद्रीवारा

माझ्या वरच्या दाढेचं मागच्या महिन्यात आरसीटी झालं, एक भिंत पूर्ण गेली आहे. डॉक्टर म्हणतात मुळात धातूचा स्क्रू बसवू, त्याने दाढ मजबूत होईल. घालावा का?

दंतमित्र

नको. निदान "मजबूत होईल" या कारणासाठी तर अजिबात नको. मुळात बसवलेला खुंटा दाताला बळ देत नाही. वर बांधलेला भाग धरून ठेवणं एवढंच त्याचं काम. त्यासाठी मूळ आतून आणखी कोरावं लागतं, म्हणजे उरलेलं लाकूडही कमी होतं. पोलादाचा खुंटा डेन्टिनपेक्षा दहापटीहून ताठ असतो. चावताना डेन्टिन लवतं, पोलाद लवत नाही आणि सगळा ताण टोकाशी गोळा होतो. पिळून बसवलेला स्क्रू तर बसवतानाच मुळावर ताण देतो. मी असल्या स्क्रूभोवती उभी फुटलेली मुळं काढली आहेत, ते काम करताना वाईट वाटतं.

काचेच्या धाग्यांचा खुंटा ताठपणात डेन्टिनच्या बराच जवळ असतो. वर धरायला काहीच उरलं नसेल तर तो. पण दाढेला आतली पोकळी मोठी असते, कॉम्पोझिट तिच्यातच रुतून बसतं. तुमच्या तीन भिंती असतील तर बहुधा खुंट्याची गरजच पडणार नाही. डॉक्टरांना शांतपणे विचारा, "स्क्रूशिवाय होईल का?" विचारल्याने कोणी चिडत नाही, आणि चिडले तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

पण राळताई, एका बाबतीत मी तुमच्याइतका निश्चिंत नाही. मोठ्या दाढांना मी अजूनही कॅपकडेच झुकतो. १९८४ साली सोरेन्सन आणि मार्टिनॉफ यांनी आरसीटी झालेले १,२७३ दात पाहिले. पुढच्या दातांना कॅपने फरक पडला नाही, मागच्या दाढा-उपदाढांना स्पष्ट पडला. २००२ साली ॲक्विलिनो आणि कॅप्लन यांच्या अभ्यासात कॅप नसलेले दात कॅपवाल्यांपेक्षा सहापट वेगाने गेले. इतका मोठा फरक मला बाजूला सारता येत नाही. आणि माझे रुग्ण ऊस दातांनी सोलतात, फुटाणे खातात. त्यांना मी सहा महिन्यांनी तपासायला या म्हटलं तर सहा वर्षांनी येतात.

राळ_आणि_काच

सर, तुमच्या रुग्णांचं तुम्हीच जाणता. पण त्या सहापटीबद्दल माझं म्हणणं ऐका. तो मागे वळून नोंदी तपासलेला अभ्यास होता. कॅप कोणाला घालतात? ज्याची दाढ डॉक्टरला टिकेल असं वाटतं आणि जो परत येतो त्याला. जो आलाच नाही, ज्याच्या दाढेवर तात्पुरतं सिमेंटच राहिलं, तोही "कॅप नसलेल्यां"त मोजला जातो. आणि त्यातल्या बहुतेकांचे उंचवटे झाकलेले नव्हते. खरी तुलना झाकलेल्या आणि न झाकलेल्या दाढांची आहे. कशाने झाकलं हा पुढचा प्रश्न.

२००२ सालीच मानोची आणि सहकाऱ्यांनी ११७ उपदाढांवर चिठ्ठ्या टाकाव्या तशी विभागणी करून काम केलं. निम्म्यांना फायबरचा खुंटा आणि कॉम्पोझिट, निम्म्यांना त्यावर कॅपही. तीन वर्षांनी दोन्हीकडचं यश सारखं होतं. उंचवटे शाबूत असलेल्याच उपदाढा त्यांनी घेतल्या होत्या आणि तीन वर्षं म्हणजे फार नव्हेत, हेही प्रामाणिकपणे सांगते. त्यावरून मी मोठ्या दाढेबद्दल छातीठोक बोलणार नाही.

पण कॅपची किंमतही दातानेच मोजायची असते. २००२ सालचंच एडलहॉफ आणि सोरेन्सन यांचं काम आहे. पूर्ण कॅपसाठी घासताना मागच्या दातांच्या वरच्या भागाचा दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाग जातो. जिथे भिंत आधीच अडीच मिलिमीटर आहे तिथे बाहेरून आणखी सव्वा-दीड मिलिमीटर घासलं की कॅपच्या आत काय उरतं? मग ती कॅप सिमेंटच्या गोळ्यावर बसलेली असते. कॅपला हिरडीच्या वर दीड-दोन मिलिमीटर खऱ्या दाताची पट्टी सगळीकडून लागते, बैलगाडीच्या चाकाला धाव लागते तशी. ती नसेल तर झिरकोनियाची (पांढऱ्या सिरॅमिकची) कितीही भारी कॅप आणा, खालून उखडते.

म्हणून माझा क्रम असा. बांध एकच गेला असेल, भिंती जाड असतील, माणूस रात्री दात खात नसेल तर उंचवटे झाकून कॉम्पोझिट. पुढे गरज लागलीच तर तेच कॉम्पोझिट आत राहतं आणि वर कॅप किंवा ऑनले (फक्त चावायचा वरचा भाग झाकणारा तुकडा) बसतो. आधी कॅपसाठी घासलेला दात मात्र परत आणता येत नाही.

दंतमित्र

घासण्याबद्दलचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. आणि दात खाण्याची अट तुम्ही घातलीत, ती माझ्यासाठी सगळ्यात मोठी. गोदातीर, सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो का? गालाच्या आत पांढरी रेघ आहे का? सुळ्यांची टोकं सपाट झालीत का? यांतलं काही असेल तर मी तुमच्या बाबतीतही कॅपच सांगेन, शिवाय रात्री घालायचं गार्ड.

गोदातीर

तिन्ही नाही. आरशात नीट बघितलं, सुळ्यांची टोकं शाबूत आहेत.

रानवाट

माझ्या वडिलांच्या दाढेत आरसीटीनंतर कॉम्पोझिट भरलं, दहा मिनिटांत काम झालं आणि सात महिन्यांत निघून हातात आलं. त्यामुळे माझा या कॉम्पोझिटवर विश्वास राहिलेला नाही. आम्ही चिपळूणचे, वडिलांना सुपारी लागते, हेही सांगून टाकतो.

राळ_आणि_काच

रानवाट, तुमचा राग मी समजू शकते. कॉम्पोझिट हे सावकाश करायचं काम आहे, घाईत केलेलं पडतंच. इथे जरा लांबण लावते, कारण रुग्णाला हे माहीत असेल तर तो खुर्चीत बसून विचारू शकतो.

रूट कॅनॉल करताना आत सोडियम हायपोक्लोराइटने धुतात. जंतू मारायला ते हवंच. पण त्याने डेन्टिनच्या कोलॅजनची हानी होते आणि मागे जो ऑक्सिजन उरतो तो राळेला नीट घट्ट होऊ देत नाही. म्हणून भरण्याआधी भिंतींचा वरचा पापुद्रा हलकेच खरवडून ताजं डेन्टिन उघडं करायचं, काही जण त्या ऑक्सिजनचा परिणाम घालवायला सोडियम ॲस्कॉर्बेट (क जीवनसत्त्वाचा क्षार) वापरतात. दुसरं, मुळांतल्या नळ्या भरायच्या काही मसाल्यांत युजेनॉल असतं, म्हणजे लवंगेच्या तेलातला अर्क. त्याचा लेप भिंतींवर राहिला तर तिथे राळ मऊच राहते. अल्कोहोल लावलेल्या कापसाने प्रत्येक कोपरा पुसावा लागतो. मी भिंग लावून बघते, तरी कधी कधी नळ्यांतल्या भरणीचा गुलाबी ठिपका सापडतोच.

तिसरं, थुंकी. आम्ल लावल्यानंतर थुंकीचा एक थेंब लागला तरी जोड बिघडतो. त्यासाठी रबर डॅम. १८६४ साली न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी आणलेली साधी रबराची चादर आहे, दात तेवढा वर काढायचा, बाकी तोंड झाकायचं. त्याहून चांगलं साधन आजही माझ्याकडे नाही. खालच्या दाढेला डॅमशिवाय कॉम्पोझिट करायला माझा हात धजत नाही.

चौथं, आकसणं. कॉम्पोझिट घट्ट होताना आकारमानाने दोन-तीन टक्के आकसतं. आरसीटीची पोकळी विहिरीसारखी, सगळीकडून भिंती आणि मोकळी बाजू फक्त वरची. एकदम भरलं तर ते आकसताना एकतर भिंतीपासून सुटतं नाहीतर भिंतींना आत ओढतं. म्हणून दोन-दोन मिलिमीटरचे तिरके थर, प्रत्येक थराला वेगळा लाईट. काही नवी साहित्यं चार मिलिमीटरपर्यंत चालतात. पण पोकळी खोल असते, लाईटचं टोक तळापासून लांब राहतं, म्हणून तळाच्या थराला मी वेळ वाढवून देते.

सुपारीबद्दल कळकळीने सांगते. वडिलांचं वय काहीही असो, तोंडाच्या कर्करोगाच्या कारणासाठीच ती सोडायला हवी. दाढेचा विचार त्यानंतरचा. पण दाढेसाठीही ती दगडच आहे.

रानवाट

डॅम लावला नव्हता. वडील स्वतःच म्हणाले, मध्ये दोनदा चूळ भरली. सुपारीचं मी त्यांना तुमच्या नावाने वाचून दाखवतो, माझं ऐकत नाहीत.

दंतमित्र

मध्ये चूळ भरली म्हणजे तिथेच घात झाला. एक गोष्ट मी जोडतो. १९९५ साली रे आणि ट्रोप यांनी १,०१० दातांचे एक्स-रे पाहिले. मुळाच्या टोकाशी सूज आहे की नाही, याचा संबंध आतल्या रूट कॅनॉलपेक्षाही वरच्या भरणीच्या दर्जाशी जास्त दिसला. नंतरच्या अभ्यासांनी दोन्ही सारखंच महत्त्वाचं ठरवलं. पण वरून थुंकी झिरपत राहिली तर खालचं उत्तम आरसीटीही वाया जातं, हे मी रोज पाहतो. रानवाट, वडिलांचं आत भरलेलं सात महिन्यांनंतर किती दिवस उघडं होतं? दोन-तीन आठवड्यांच्या वर असेल तर नुसतं परत भरू नका, आरसीटी पुन्हा करावं लागेल का ते आधी एक्स-रे काढून ठरवा.

सांजदीप

माझा पुढचा दात आहे, पटाशीचा. लहानपणी पडून मार लागला होता, आता आरसीटी झालं. रंगही काळपट झालाय. कॅप घालू का?

राळ_आणि_काच

दात बाकी शाबूत असेल तर मागच्या बाजूचं छोटं भोक कॉम्पोझिटने बंद करणं पुरतं. रंगासाठी आतून ब्लीच होतं. ब्लीचनंतर एक-दोन आठवडे थांबूनच शेवटचं कॉम्पोझिट भरायचं, मघाशी लिहिलेल्या ऑक्सिजनच्याच कारणासाठी. नुसत्या रंगासाठी पटाशीचा दात चारी बाजूंनी घासू नका.

माहेरवाशीण

खर्चाचं कोणी बोलत नाही म्हणून विचारते. आमच्याकडे आरसीटीला जमवलेले पैसे त्यातच संपतात, कॅप म्हणजे पुन्हा तेवढेच. लोक म्हणूनच थांबतात, आळस म्हणून नाही.

दंतमित्र

बरोबर बोललात ताई, आणि हे आम्ही डॉक्टरांनी समजून घ्यायला हवं. आरसीटी सुरू करण्याआधीच वरच्या भरणीचा खर्च धरून एकच आकडा सांगायला हवा. मी आता तसंच करतो. कॅप जमणार नसेल तर त्याच बैठकीत किंवा आठवड्याच्या आत उंचवटे झाकून कॉम्पोझिट करून देतो. तात्पुरत्या सिमेंटवर कोणाला घरी पाठवून महिनोन्‌महिने ठेवत नाही.

शिवाय मुंबईत फोर्टचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या विभागात एमडीएसचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खेपा जास्त होतात, रांग असते, पण डॅम लावून सावकाश काम होतं. मी स्वतः तसंच शिकलो.

माहेरवाशीण

धन्यवाद डॉक्टर. नागपूर आम्हाला जवळ आहे. विचारून बघते.

गोदातीर

मंडळी, काल काम झालं. आधी डॉक्टरांना "माझं किती उरलंय" हेच विचारलं. त्यांनी छोट्या मापाने भिंती मोजून दाखवल्या. गालाकडची तीन मिलिमीटर, जिभेकडची दोनहून जरा कमी. मागचा बांध पूर्ण. बारीक दिवा दाढेला लावून चीर आहे का तेही पाहिलं. नाही निघाली.

पावणेदोन तास लागले. रबर डॅम लावला तेव्हा सुरुवातीला गुदमरल्यासारखं वाटलं, मग नाकाने श्वास घ्यायची सवय झाली. चूळ भरायचा प्रश्नच आला नाही. उंचवटे उतरवताना मात्र पोटात गोळा आला. स्वतःच्या चांगल्या दातावर मशीन चालतंय हे सहन होत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हे दोन मिलिमीटर देऊन बाकीचा दात राखतोय. मग नळ्यांची तोंडं बंद केली, आत धागेवालं भरलं, त्यावर दाताच्या रंगाचं थरांथरांनी. शेवटी निळा कागद चाववून उंच लागणारे ठिपके घासले. पुढच्या दाताशी फट राहू नये म्हणून दोरा घालून पाहिला, खट्‌ करून आत गेला. आज जीभ सारखी तिकडे जाते, पण काहीच टोचत नाही.

आई सोबत आली होती. बाहेर बसून राहील असं वाटलं होतं, पण माझं झाल्यावर ती स्वतःच डॉक्टरांना म्हणाली, माझ्या डावीकडच्या दाढेचंही आरसीटी नऊ वर्षांपूर्वी झालंय, आत चांदी आहे, तीही बघा. बघितली. चांदीच्या कडेला एक रेघ दिसते आहे.

दंतमित्र

ती रेघ कुठवर गेली आहे ते आधी ठरवा. दाढेभोवती हिरडीत मापाची काडी फिरवायला सांगा. एकाच अरुंद जागी काडी खोल जात असेल तर चीर मुळात उतरलेली असू शकते, मग वर काहीही भरून उपयोग नाही. चांदी काढून आत भिंगाने बघणंही लागेल. तोवर आईंना त्या बाजूने कडक काही देऊ नका.

गोदातीर

विचारलं. काडी चारी बाजूंनी फिरवली होती, कुठेही तीन मिलिमीटरच्या वर गेली नाही. चांदी काढून आत बघायला गुरुवारी सकाळी ११ वाजता बोलावलं आहे. या वेळी मी रजा टाकली आहे.